सिगार कशाने पेटवला यावर त्याची चव खरेच अवलंबून असते का?

सिगार ओढणाऱ्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे आणि तो मिटण्याचे चिन्ह नाही. कोणी म्हणतो की सिगार लाकडी काडीनेच पेटवावा. कोणी गॅसच्या लायटरशिवाय दुसरे काहीही त्याच्याजवळ येऊ देत नाही. कोणी सीडरच्या लाकडाची पातळ पट्टी आधी दुसऱ्या ज्योतीवर पेटवून घेतो आणि मग ती सिगारपाशी नेतो. आणि पेट्रोलच्या लायटरचे नाव निघताच बहुतेकांच्या कपाळावर आठ्या उमटतात. लांबून पाहणाऱ्याला हा सगळा दिखावा वाटतो. आग कशानेही लावली तरी तंबाखू जळायची तशीच जळणार, असा त्याचा साधा हिशेब असतो. तो हिशेब अगदीच चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

पेटवण्याच्या पद्धतीचा चवीवर परिणाम होतो, आणि तो दोन वेगवेगळ्या वाटांनी होतो. पहिली वाट वासाची: इंधनातून आलेले परके वायू आणि कण सिगारमध्ये ओढले जातात व काही काळ तिथेच राहतात. दुसरी वाट उष्णतेची: ज्योत पानाला किती वेगाने, किती खोलवर आणि किती सारखी तापवते यावर निखाऱ्याची घडण ठरते. वाद घालणारे जवळजवळ सगळे पहिल्या वाटेबद्दल बोलतात. माझे मत असे आहे की दुसरी वाट अधिक महत्त्वाची आहे, कारण तिचा परिणाम पुष्कळ जास्त वेळ टिकतो. हे मत का बनले ते सांगण्यासाठी आधी सिगार आतून कसा असतो आणि तो जळतो म्हणजे नेमके काय होते, हे पाहावे लागेल.

पेटणारी वस्तू आतून कशी असते

हाताने वळलेल्या सिगारमध्ये तीन थर असतात. मध्यभागी दुमडून ठेवलेल्या पानांचा गाभा असतो, त्याला भरण म्हणू. त्याभोवती त्याला आकारात धरून ठेवणारे बांधणीचे पान असते आणि सर्वांत बाहेर वेष्टनाचे पान, जे पातळ, गुळगुळीत आणि सगळ्यांत जपून निवडलेले असते. जे टोक कापून ओठांत धरतात तो माथा, आणि जे पेटवतात तो पायथा.

रोबुस्टो नावाचा प्रचलित आकार घेतला तर त्याची लांबी साधारण ५ इंच आणि जाडी ५० असते. सिगारची जाडी इंचाच्या ६४ व्या भागात मोजतात, त्यामुळे ५० म्हणजे जवळजवळ २० मिलिमीटर व्यास. यावरून पायथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस सेंटिमीटर येते, म्हणजे नेहमीच्या सिगारेटच्या टोकाच्या सुमारे सहापट. सिगारेट एका झुरक्यात पेटते आणि सिगार पेटत नाही, याचे पहिले कारण हे आहे. एवढा पृष्ठभाग एका लहान ज्योतीखाली एकाच वेळी मावत नाही, म्हणून सिगार फिरवत राहावे लागते.

दुसरे कारण ओलाव्याचे. सिगार साधारणपणे ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या पेटीत जपून ठेवतात, कारण कोरडे पान चुरगळते आणि फार वेगाने जळते. पण हाच ओलावा पेटवताना आडवा येतो. पाणी ० अंशापासून १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. ओले लाकूड पेट घेण्याआधी बराच वेळ नुसते फसफसते, ते याचमुळे. पायथ्याजवळच्या पानांतून पाणी निघून गेल्याशिवाय तिथे निखारा धरत नाही, आणि घाईने पेटवलेल्या सिगारमध्ये होते ते असे की कडेचे पान कोळसा होऊन जाते, पण मधले भरण अजून ओलसरच असते.

चव निखाऱ्यात नसते, त्याच्या मागे असते

पेटलेल्या टोकाकडे पाहून वाटते की चव त्या लाल निखाऱ्यातून येते. प्रत्यक्षात निखारा हा फक्त भट्टीचे काम करतो. सिगारेटच्या निखाऱ्यावर झालेल्या मोजमापांत झुरका घेताना त्याच्या कडेचे तापमान ९०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचलेले आढळते, आणि सिगारचे टोकही त्याच तत्त्वावर जळते. इतक्या उष्णतेत वासाची बहुतेक द्रव्ये टिकतच नाहीत. त्यांचे वायू, पाणी आणि राख होऊन जाते.

निखाऱ्याच्या लगेच मागे मात्र एक अरुंद पट्टा असतो, जिथे तापमान उतरत उतरत ६०० वरून २०० अंशांपर्यंत येते आणि प्राणवायू फारसा शिल्लक नसतो, कारण तो पुढेच संपलेला असतो. या पट्ट्यात पान जळत नाही, तर उष्णतेने त्याचे घटक सुटे होतात. याला औष्णिक विघटन म्हणतात. पानातील शर्करा, प्रथिनांचे अंश, तेले आणि निकोटीन यांची वाफ किंवा नवी द्रव्ये इथेच तयार होतात, आणि झुरक्याबरोबर मागे खेचली जातात. कॉफीच्या बिया भाजताना सुगंध येतो तो त्या जळल्यामुळे नव्हे, तर जळण्याच्या अलीकडे त्यांना बेताने थांबवल्यामुळे. सिगारचा हा मधला पट्टा म्हणजे सतत पुढे सरकणारी कॉफीची भट्टीच आहे, आणि तो जितका स्थिर असेल तितकी चव स्थिर राहते.

या वाफा मागच्या थंड पानांमधून जाताना त्यांचा काही भाग तिथेच थिजतो आणि पानावर बसतो. पुढे निखारा तिथे पोहोचला की हेच द्रव्य पुन्हा तापून सुटते. सिगार म्हणजे स्वतःचीच चाळणी आहे, असे म्हणता येईल, आणि पेटवण्याच्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. पेटवताना झुरक्याबरोबर जे काही आत गेले, ते एका क्षणात तोंडातून निघून जात नाही. त्यातले काही पायथ्यापाठच्या पानांवर बसते आणि निखारा तो भाग ओलांडेपर्यंत थोडे थोडे परत येत राहते. म्हणूनच गंधकाची किंवा पेट्रोलची छटा पहिल्या झुरक्यापुरती न राहता सुरुवातीचा काही भाग जळेपर्यंत जाणवू शकते, आणि म्हणूनच ती पुढे आपोआप नाहीशीही होते.

पिवळी ज्योत आणि निळी ज्योत

इंधनांकडे वळण्यापूर्वी ज्योतींचे दोन प्रकार समजून घ्यायला हवेत, कारण इंधनाच्या नावापेक्षा ज्योतीचा प्रकार जास्त सांगून जातो. मेणबत्ती, काडी, लाकडाची पट्टी, पेट्रोलचा लायटर आणि गॅसचा साधा लायटर या सगळ्यांची ज्योत पिवळी असते. तिच्यात इंधनाची वाफ आधी बाहेर येते आणि मग भोवतालची हवा तिला कडेने भेटते. आतल्या भागात हवा अपुरी असल्याने कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, ते तापून चमकतात, आणि आपल्याला दिसणारा पिवळा प्रकाश त्या कणांचाच असतो. मायकेल फॅराडे यांनी १८६०–६१ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर दिलेल्या व्याख्यानांत हीच गोष्ट प्रयोगांनी दाखवली होती.

निळ्या ज्योतीत हवा इंधनात आधीच मिसळलेली असते. शेगडीच्या बर्नरमध्ये हेच घडते, आणि बर्नर बिघडून ज्योत पिवळी झाली की भांड्याचे बूड काळे पडते, हा अनुभव बहुतेकांना आहे. जेट लायटर, म्हणजे सुंसुं आवाज करत टोकदार झोत सोडणारा गॅसचा लायटर, याच वर्गात मोडतो.

पिवळ्या ज्योतीबद्दल एक साधा प्रयोग सिगार ओढणाऱ्याने आणि न ओढणाऱ्यानेही करून पाहावा. लाकडी मुठीचा स्टीलचा चमचा मेणबत्तीच्या ज्योतीत मधोमध धरला तर काही सेकंदांत त्यावर काजळी बसते. तोच चमचा पुसून ज्योतीच्या टोकाच्या थोडा वर, वारा नसताना धरला तर तो तापतो, पण जवळजवळ स्वच्छ राहतो. कारण निवांत जळणाऱ्या ज्योतीतील कार्बनचे कण टोकापर्यंत पोहोचताना जळून संपतात, पण थंड वस्तू मध्येच आडवी आली की ते अर्धवट राहून तिच्यावर बसतात. सिगारचा पायथा ही अशीच एक थंड वस्तू आहे. तो ज्योतीत बुडवला तर काजळी पानावर येते. ज्योतीच्या वर धरला तर फक्त उष्णता येते. इंधन तेच, ज्योत तीच, आणि अंतर बोटभर बदलल्याने परिणाम मात्र वेगळा. सिगारला ज्योतीचा स्पर्श होऊ देऊ नये, या जुन्या सूचनेमागे एवढे ठोस कारण आहे.

काडी: दोष लाकडाचा नाही, गुलाचा आहे

आजच्या सुरक्षित काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक ही मुख्य द्रव्ये असतात, आणि पेटीच्या कडेच्या पट्टीत तांबडा फॉस्फरस असतो. पेट घेणारी द्रव्ये काडी आणि पेटी यांत अशी विभागण्याची कल्पना स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश यांची, आणि तिचे पेटंट १८४४ चे आहे. गुल जळताना गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. हा वायू अगदी थोडा असला तरी नाकाला आणि घशाला झोंबतो, आणि ओलसर पानावर त्याला बसायला जागाही मिळते.

उपाय सोपा आहे. गुल पूर्ण जळून जाऊ द्यावे, ज्योत लाकडावर उतरून स्थिर झाली की मगच काडी सिगारपाशी न्यावी. त्यानंतर जे जळते ते लाकूड आणि ज्योत टिकावी म्हणून त्याला पाजलेले थोडे मेण, आणि त्यांचा वास सौम्य असतो. अडचण वेळेची आहे. २० मिलिमीटर जाडीचा पायथा नीट तापवायला साधारण काडी पुरत नाही. दुसरी, तिसरी काडी लागते, आणि प्रत्येक काडीबरोबर नवे गुल येते. शिवाय काडी संपत आली की हात घाई करतो आणि ज्योत पानाला टेकते. सिगारसाठी मुद्दाम केलेल्या लांब काड्यांचा उपयोग इथे आहे. लांब काडीचे लाकूड काही वेगळे नसते, पण ती घाई टाळते, आणि मला तोच तिचा खरा गुण वाटतो.

पेट्रोलचा लायटर: नावडता का झाला

वातीच्या लायटरमध्ये नॅफ्था नावाचे हलके, पटकन उडणारे पेट्रोलियम द्रव्य कापसात मुरवलेले असते. त्याचा वास झाकण उघडताच येतो, ज्योत लागण्याच्या आधी. नॅफ्था हे एकच रसायन नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते, वातीच्या भोवती त्याची न जळलेली वाफ घोटाळत असते आणि ज्योत पिवळी, काजळी धरणारी असते. अशी ज्योत सिगारला टेकवून जोराने झुरका घेतला तर या सगळ्याचा काही भाग आत जाणारच, आणि तो पानांवर थिजून राहणार. म्हणून या लायटरवरचा आक्षेप खरा आहे.

तो अनेकदा सांगितला जातो तेवढा भयंकर मात्र नाही. लायटर पेटवून ज्योत काही सेकंद स्थिर होऊ दिली, सिगार तिच्या टोकाच्या वर धरला आणि सुरुवातीला झुरका घेतलाच नाही, तर आत जाणारा वास पुष्कळ कमी होतो. आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. पेट्रोलचा वास सिगारमधून आला की थेट हवेतून नाकात गेला, हे त्या क्षणी माणसाला वेगळे ओळखता येत नाही. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग तोंडातून मागच्या बाजूने नाकाकडे जाणाऱ्या वासाचाच असतो, त्यामुळे चेहऱ्यासमोर उघडलेल्या लायटरचा वासही सिगारच्या खात्यावर जमा होतो.

गॅसचा लायटर: वास नाही, पण उष्णता आहे

ब्युटेन हा वायू शुद्ध असेल तर त्याला जवळजवळ वास नसतो, आणि तो पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ एवढेच उरते. घरगुती इंधनवायूला येणारा उग्र वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. लायटरसाठी शुद्ध केलेल्या ब्युटेनमध्ये अशी आणि इतर भेसळ शक्य तितकी कमी ठेवलेली असते. इंधनाच्या वासापुरता प्रश्न असता तर निकाल इथेच लागला असता.

पण जेट लायटरचा झोत आणि साध्या गॅस लायटरची मऊ ज्योत यांत मोठा फरक आहे, आणि तो केवळ तापमानाचा नाही. मेणबत्तीच्या ज्योतीतही १००० अंशांहून जास्त तापणारा भाग असतो. खरा फरक उष्णता पोहोचण्याच्या वेगाचा आहे. शांत गरम हवेत धरलेला ओला कपडा हळूहळू वाळतो, पण तितकीच गरम हवा वेगाने फेकणाऱ्या यंत्रासमोर तो पटकन वाळतो, कारण झोत कपड्याभोवतीचा थंड हवेचा थर सतत उडवून लावतो. जेट लायटर पानाच्या बाबतीत हेच करतो. सुईसारख्या झोताखाली येणारा लहानसा ठिपका दोन क्षणांत कोळसा होतो, आणि शेजारचा भाग थंडच राहतो. झोत जरा तिरका पडला तर तो बाजूच्या वेष्टनावर चढतो आणि निखारा तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी ते पातळ पान करपते.

असा करपलेला पायथा पहिल्या झुरक्यांत कडवट आणि झोंबणारा लागतो. आणि इथे एक गंमतीशीर नव्हे तर खरोखर महत्त्वाची गफलत होते: ओढणारा म्हणतो की गॅसचा वास लागला. गॅसला तर वासच नव्हता. त्याने चाखला तो करपलेल्या पानाचा कोळसा. म्हणजे सर्वांत स्वच्छ इंधन वापरूनही चव बिघडवता येते, आणि माझ्या मते सिगार पेटवण्यातल्या चुकांपैकी हीच सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. वारा नसलेल्या जागी मऊ ज्योत अधिक सोयीची; उघड्यावर मात्र मऊ ज्योत वाऱ्याने फडफडते, काजळी सोडते आणि एका बाजूलाच झुकते, तिथे जेट लायटर लांब धरून वापरणेच शहाणपणाचे.

विजेच्या ठिणगीचे लायटर आता मिळतात, त्यांत इंधन नसतेच. पण त्यांची ठिणगी दोन टोकांमधल्या अरुंद फटीत असते, आणि जाड पायथा त्या फटीत सारखा फिरवणे जमत नाही. तापलेल्या तारेच्या लायटरला तर पान प्रत्यक्ष टेकवावेच लागते. वासाचा प्रश्न सुटतो, सारखेपणाचा सुटत नाही.

सीडरची पट्टी: लाकूडही धूर करतेच

सिगारच्या पेटीत थरांमध्ये घातलेल्या पातळ लाकडी पत्र्याची पट्टी फाडून, ती पेटवून तिने सिगार पेटवायचा, ही पद्धत देखणी आहे यात शंका नाही. या लाकडाला स्पॅनिश सीडर म्हणतात, पण हे झाड खऱ्या सीडरांपैकी नाही आणि मूळचे स्पेनचेही नाही. ते अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले, महोगनीच्या कुळातले झाड आहे. त्याच्या लाकडाला सौम्य गोडसर वास असतो, म्हणून सिगारच्या पेट्यांना ते आतून लावतात, आणि साठवणीत सिगारला तो वास थोडा लागलेलाही असतो.

या पद्धतीचे समर्थक म्हणतात की तिच्यात परके रसायन काहीच नाही. ते अर्धेच खरे आहे. लाकूड जळताना होणाऱ्या धुरात लाकडातल्या लिग्निनपासून तयार झालेली, धुरकट वासाची द्रव्ये असतात, आणि काजळीही असते. म्हणजे ही पद्धत तटस्थ नाही; ती एक वास घालते, फक्त तो वास सिगारच्या वासाशी जुळणारा असतो. सिगार सौम्य असेल तर पहिल्या भागात ती छटा ओळखू येण्याची शक्यता जास्त. तिचा दुसरा गुण म्हणजे पट्टी हळू आणि रुंद ज्योतीने जळते, त्यामुळे पायथ्याचा मोठा भाग एकदम तापतो. या पद्धतीची जी कीर्ती आहे तिचे बरेचसे श्रेय सुगंधापेक्षा या रुंद ज्योतीला द्यायला हवे, असे मला वाटते.

सुगंधी मेणबत्तीबद्दल जास्त लिहायला नको. तिच्या मेणात मुद्दाम घातलेले सुगंधी द्रव्य ज्योतीभोवती वाफ होऊन असतेच, आणि ते सिगारमध्ये ओढणे कोणालाच नको असेल.

शेकणे म्हणजे काय, आणि ते कशासाठी

जाणकार सिगार आधी शेकतात आणि मग पेटवतात. शेकणे म्हणजे सिगार ओठांत न घेता, पायथा ज्योतीच्या वर तिरका धरून सावकाश फिरवत राहणे, जोपर्यंत सगळी कड सारखी काळसर होऊन बारीकशी लाली धरत नाही. त्यानंतर सिगार ओठांत घेऊन, ज्योत तशीच थोडी दूर ठेवून, फिरवत फिरवत हलके झुरके घेतात. शेवटी पायथ्यावर हळूच फुंकर घालून पाहतात: जो भाग उजळत नाही तो पेटलेला नाही, आणि तेवढ्याच भागाला पुन्हा ज्योत दाखवतात.

ही कृती वर सांगितलेल्या दोन्ही वाटांवर एकदम काम करते. शेकताना झुरका नसल्यामुळे इंधनाचे वायू आत खेचले जात नाहीत. ते पायथ्याच्या कडेने वर निघून जातात. आणि हळू तापल्यामुळे ओलावा आधी निघून जातो, मग निखारा सगळ्या पृष्ठभागावर जवळजवळ एकाच वेळी धरतो. मग पुढे ओढाव्या लागणाऱ्या झुरक्यांची संख्याही कमी होते, आणि याला स्वतंत्र महत्त्व आहे. सिगार साधारण मिनिटाला एक झुरका अशा गतीने ओढतात. न शेकलेला सिगार पेटवण्यासाठी मात्र लागोपाठ दहा जोरदार झुरके घ्यावे लागतात, निखारा भडकतो, मागचा पट्टा नेहमीपेक्षा खूप तापतो, आणि धूर तिखट होतो. ही तिखट चव पेटवण्याच्या साधनाच्या नावावर खपते, पण ती घाईची चव असते. पेटल्यावर मिनिटभर सिगार हातात नुसता धरून ठेवला की ती बरीचशी निवळते.

निखारा तसाही ९०० अंशांचा असतो, मग झोताला दोष का

हा आक्षेप मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तो थेट मुद्द्यावर बोट ठेवतो. पान शेवटी एवढ्या उष्णतेतून जाणारच असेल, तर सुरुवातीला लायटरने ते जरा जास्त तापवले म्हणून काय बिघडले?

फरक उष्णतेच्या आकड्यात नसून ती पोहोचण्याच्या क्रमात आहे. स्थिर जळणाऱ्या सिगारमध्ये पानाचा प्रत्येक भाग आधी कोरडा होतो, मग २०० अंशांच्या, मग ४०० अंशांच्या टप्प्यातून जातो, त्याच्यातून सुटलेली द्रव्ये मागे निघून जातात, आणि निखारा पोहोचेपर्यंत तिथे मुख्यतः कोळसा उरलेला असतो. झोताखालचे पान हे सगळे टप्पे एका क्षणात पार करते, बाहेरच्या बाजूने, मोकळ्या हवेत. जी द्रव्ये मागे जाऊन चव व्हायची ती तिथेच जळतात किंवा चिकट, करपट अवशेष होऊन कडेला राहतात.

तरीही हा परिणाम पहिल्या काही मिलिमीटरांपुरता असतो, हे मान्य करायला हवे. जास्त काळ टिकतो तो निखाऱ्याच्या आकाराचा परिणाम. एक बाजू नीट पेटली आणि दुसरी अर्धवट राहिली, तर पेटलेली बाजू पुढे पळत सुटते. तिथून हवा सहज आत येते, म्हणून झुरका तिथूनच ओढला जातो, म्हणून ती आणखी पेटते. मागे राहिलेल्या बाजूचे वेष्टन न जळता नुसते धुमसते. सिगार तिरका जळू लागतो किंवा भरण आतून पोखरत जाते आणि वेष्टन पोकळ नळीसारखे उभे राहते. वळणाऱ्याने वेष्टन, बांधणी आणि भरण यांचा जो मेळ घातलेला असतो, तो या अवस्थेत तोंडापर्यंत पोहोचतच नाही, कारण तिन्ही पाने एकत्र जळतच नसतात. आणि हे पहिल्या मिनिटातल्या चुकीमुळे अर्ध्या सिगारपर्यंत चालू राहू शकते. असमान जळण्याचे कारण नेहमी पेटवणे हेच असते असे नाही. सैल-घट्ट वळण आणि कमी-जास्त ओलावा हीही कारणे आहेत. पण त्यांतले आपल्या हातात असते ते पेटवणेच.

विझलेला सिगार पुन्हा पेटवला तर

असमान पेटलेला सिगार बहुधा मध्येच विझतो. निखारा विझताना त्याच्या मागच्या पट्ट्यातील वाफा पुढे जळत नाहीत की मागे ओढल्याही जात नाहीत. त्या तिथेच थिजतात. पुन्हा ज्योत लावली की हा सगळा साठा एकदम तापून तोंडात येतो, आणि त्याची चव जुन्या राखेसारखी व अमोनियाच्या उग्रपणाची असते. इंधनाच्या कोणत्याही वासापेक्षा ती वाईट. म्हणून पुन्हा पेटवताना आधी राख झाडून टाकतात, पायथा परत शेकतात, आणि तो धरू लागला की ओढण्याऐवजी सिगारमधून एकदा हळूच बाहेर फुंकतात, म्हणजे साचलेल्या वाफा उलट दिशेने निघून जातात. विझल्याला जितका कमी वेळ झाला असेल तितका हा उपाय चांगला लागू पडतो.

स्वच्छ ज्योत म्हणजे कमी अपाय का

नाही, आणि याबद्दल संदिग्धता राहता कामा नये. काडीच्या गंधकाचा किंवा नॅफ्थाचा जो अंश आत जातो, तो सिगारच्या स्वतःच्या धुराच्या तुलनेत नगण्य असतो. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या एका पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, आणि तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, डांबर व कर्करोग घडवणारी द्रव्ये असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारवर स्वतंत्र अहवाल काढला. नियमित सिगार ओढणाऱ्यांत तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे त्यात नोंदलेले आहे. धूर छातीत न घेतल्यानेही सुटका होत नाही, कारण सिगारच्या धुरातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच शोषले जाऊ शकते. पेटवण्याची पद्धत बदलून चव बदलते, अपाय बदलत नाही.

हा सगळा मनाचा खेळ तर नाही ना

काही प्रमाणात आहे. महागडी पट्टी पेटवणाऱ्याला सीडरची छटा जाणवण्याची तयारी आधीच झालेली असते. या शंकेचे निरसन युक्तिवादाने होत नाही, चाचणीने होते, आणि अशी चाचणी खाद्यपदार्थांच्या अभ्यासात नित्य वापरली जाते. चाखणाऱ्याला न दिसता तीन नमुने तयार करतात, त्यांतले दोन एकाच पद्धतीचे आणि एक वेगळ्या पद्धतीचा. चाखणाऱ्याने वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येईल, म्हणजे १२ फेऱ्यांत सरासरी ४ वेळा. १२ पैकी ८ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी असते, आणि मग फरक खरा मानायला हरकत नाही.

सिगारच्या बाबतीत ही चाचणी जिकिरीची आहे. हाताने वळलेले एकाच पेटीतले दोन सिगारसुद्धा तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे पेटवण्याचा फरक आणि सिगारचा फरक एकमेकांत मिसळतात. बारा फेऱ्यांसाठी छत्तीस सिगार लागतील, आणि एकाच माणसाने ते थोड्या वेळात ओढणे धोक्याचे ठरेल. म्हणून फेऱ्या अनेक जणांत वाटाव्या लागतात, प्रत्येक नमुन्याचे दोन-तीनच झुरके घ्यावे लागतात आणि पेटवणारा व चाखणारा वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावे लागतात, नाहीतर लायटरचा वासच उत्तर सांगून जाईल. चाखण्याच्या वेळाही दोन ठेवाव्या लागतात: एक पेटल्याबरोबर आणि दुसरी सिगार बराचसा जळून गेल्यावर. पहिल्या वेळी ओळखता आलेला फरक दुसऱ्या वेळी ओळखता आला नाही, तर तो पानावर बसलेल्या इंधनाच्या वासाचा होता. आणि तो दुसऱ्या वेळीही टिकला, तर इंधन बाजूला ठेवून निखारा कसा धरला होता ते तपासावे लागते.